चिंगहाओ : हिवतापावरील चिनी वनौषधी आणि तिच्यातील आर्टेमिसिनिन

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर वाहिला जाणारा दवणा आणि आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत हिवतापाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या पिवळ्या गोळ्या यांच्यात एक दूरचे नाते आहे. दवणा ज्या ‘आर्टेमिसिया’ प्रजातीत मोडतो, तिच्यातीलच एका चिनी वनस्पतीच्या पानांतून त्या गोळ्यांमधील मुख्य औषध मिळते. जंतांवर पूर्वापार दिला जाणारा किरमाणी ओवाही याच प्रजातीतला. चिनी वनस्पतीचे वैद्यकातील नाव ‘चिंगहाओ’, शास्त्रीय नाव ‘आर्टेमिसिया ॲनुआ’ आणि औषधी द्रव्याचे नाव आर्टेमिसिनिन. चिनी भाषेत या द्रव्याला ‘चिंगहाओसू’, म्हणजे चिंगहाओचा मूळ अंश, असे म्हणतात.

एका वर्षात जीवनक्रम पूर्ण करणारे हे झुडूप माणसाच्या उंचीइतके, कधी त्याहूनही उंच वाढते. पाने गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली, फुले पिवळी आणि टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी. पान चुरगळले की कापरासारखा उग्र वास येतो. हा वास देणारी तेले आणि आर्टेमिसिनिन, दोन्ही पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठतात. फुलोरा येण्याच्या सुमारास आर्टेमिसिनिनचे प्रमाण सर्वाधिक असते. खोडात आणि मुळात ते नसल्यातच जमा. वाळलेल्या पानांत ते कुठे शंभर भागांत एक भाग भरते, तर कुठे दहा हजारांत एक. वाण, माती, हवामान आणि तोडणीचा दिवस यांवर हे अवलंबून असते. पुढे घडलेल्या संशोधनाच्या इतिहासात हा फरक पदोपदी आडवा आला, म्हणून तो आधीच सांगितलेला बरा.

जुन्या पोथ्यांतील नोंदी

चिंगहाओचा सर्वांत जुना उल्लेख हुनान प्रांतातील मावांगदुई येथील थडग्यात सापडलेल्या रेशमी हस्तलिखितात आहे. हे थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झाले. त्यातील बावन्न रोगांवरील उपचारांच्या संग्रहात चिंगहाओ येते ते मूळव्याधीवर. तापाचा तेथे संबंध नाही. तापाशी तिची गाठ पडते ती चौथ्या शतकात. पूर्व जिन राजवटीतील गे होंग हा वैद्य आणि किमयागार. त्याने तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडतील अशा औषधांचे, अंगरख्याच्या बाहीत बाळगता येईल असे एक पुस्तक रचले. त्यात थंडी वाजून येणाऱ्या तापावर मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस सगळा पिऊन टाकावा असा उपाय दिला आहे. पुढे ली शिझेन या सोळाव्या शतकातील महान वनौषधिशास्त्रज्ञानेही १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रचंड निघंटूत या वनस्पतीचा तापावरील उपयोग नोंदवला.

गे होंगच्या कृतीत एक बारकावा आहे. चिनी वैद्यकात बहुतेक औषधे उकळून, काढा करून देतात. इथे मात्र उकळणे नाही. थंड पाण्यात भिजवणे आणि पिळणे आहे. सोळाशे वर्षे हा बारकावा कोणाच्या विशेष लक्षात आला नाही.

प्रकल्प ५२३

हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याआधीच सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन वेगळे काढले गेले होते. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी ते साधले. विसाव्या शतकात क्लोरोक्विन आले. स्वस्त, सुरक्षित आणि इतके परिणामकारक, की दुसऱ्या महायुद्धानंतर हिवताप पृथ्वीवरून नाहीसा होईल असे अनेकांना वाटू लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम परजीवी आढळला आणि ही आशा मावळली.

व्हिएतनामच्या युद्धात या प्रतिकाराची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. जंगलात लढणाऱ्या सैनिकांना गोळीइतकेच भय तापाचे होते. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेने दोन लाखांहून अधिक रासायनिक संयुगे तपासली. मेफ्लोक्विन हे औषध त्यातून पुढे आले. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये बैठक झाली आणि महिना व दिवस यांच्या आकड्यांवरून या गुप्त मोहिमेला ‘प्रकल्प ५२३’ हे नाव पडले. देशभरातील अनेक संस्था आणि शेकडो संशोधक तिच्यात गुंतले. काहींकडे कृत्रिम संयुगांचे काम होते, काहींकडे पारंपरिक वनौषधींचे. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत विद्यापीठे बंद पडलेली आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ शेतावर पाठवलेले होते. अशा काळात लष्कराच्या छत्राखाली संशोधन चालू राहू शकले, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल.

जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील यूयू तू यांच्याकडे या कामाच्या एका गटाचे नेतृत्व आले. त्यांचा जन्म १९३० चा, निंगबो शहरातला. शिक्षण आधुनिक औषधशास्त्राचे आणि त्यावर चिनी वैद्यकाचा खास अभ्यासक्रम. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. पतीला श्रमकार्यासाठी गावाकडे पाठवले गेले होते. हैनान बेटावर रुग्ण पाहण्यासाठी जाताना त्यांनी चार वर्षांची मुलगी पाळणाघरात ठेवली, तर धाकटीला आजी-आजोबांकडे. पुढे कित्येक महिने मायलेकींची भेट झाली नाही.

गटाने जुने ग्रंथ चाळले आणि वृद्ध वैद्यांना गाठले. दोन हजारांहून अधिक उपाय जमले. त्यांतून निवडलेल्या ६४० उपायांची पुस्तिका तयार झाली. सुमारे दोनशे वनस्पतींपासून ३८० अर्क काढून ते हिवताप झालेल्या उंदरांवर तपासण्यात आले. चिंगहाओच्या अर्काने एकदा चांगला गुण दाखवला, पण पुन्हा केलेल्या चाचण्यांत तो टिकला नाही. दुसऱ्या एखाद्या गटाने ती वनस्पती यादीतून खोडली असती.

यूयू तू पुन्हा गे होंगच्या ओळींकडे वळल्या आणि न उकळण्याचा तो बारकावा त्यांच्या ध्यानी आला. उष्णतेने औषधी अंश नष्ट होत असेल तर? त्यांनी पाणी आणि मद्यार्क सोडून ईथर हा द्राव वापरला. तो ३५ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे अर्क काढताना पानांना फारशी धग लागत नाही. मिळालेल्या अर्काचे आम्लधर्मी आणि उदासीन असे दोन भाग केले. आम्लधर्मी भाग विषारी आणि निरुपयोगी निघाला. उदासीन भागाचा १९१ क्रमांकाचा नमुना ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासला, तेव्हा उंदरांच्या रक्तात एकही परजीवी उरला नव्हता. माकडांवरही हाच निष्कर्ष आला.

माणसांवरील चाचणीसाठी मोठ्या प्रमाणात अर्क हवा होता आणि औषधी कारखाने तर बंद होते. तेव्हा घरगुती वापराच्या मोठ्या रांजणांत ईथर ओतून पाने भिजवली गेली. खोल्यांत हवा खेळती नव्हती. ईथरच्या वाफेने कामगार आजारी पडले, खुद्द यूयू तू यांच्या यकृताला सूज आली. काही प्राण्यांत अर्काचे दुष्परिणाम दिसल्याची शंका निघाली आणि ती निस्तरेपर्यंत तापाचा हंगाम निघून गेला असता. जुलै १९७२ मध्ये त्या स्वतः आणि त्यांचे सहकारी इस्पितळात दाखल झाले आणि देखरेखीखाली तो अर्क त्यांनी घेतला. आजच्या नियमांत हे बसणार नाही. त्याच वर्षी हैनानमधील २१ रुग्णांना अर्क देण्यात आला. ताप उतरला, परजीवी नाहीसे झाले. वर्ष संपण्यापूर्वी शुद्ध स्फटिक हाती आले.

या यशाचे श्रेय कोणाचे, यावर चीनमध्ये दीर्घकाळ वाद झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. युनान आणि शांदोंग प्रांतांतील संशोधकांनीही स्वतंत्रपणे स्फटिक मिळवले. त्यांच्या भागातील वनस्पतींत औषधी अंश अधिक होता. बीजिंगच्या आसपासच्या वनस्पतीत तो अगदी कमी. १९७३ मध्ये बीजिंग गटाच्या गोळ्यांना गुण येईना, तेव्हा त्या पोटात विरघळतच नसल्याचे आढळले आणि कॅप्सूल वापरल्यावर परिणाम दिसला. ग्वांगझूचे वैद्य ली ग्वोचियाओ यांनी मेंदूपर्यंत पोचलेल्या फॅल्सिपेरम तापात औषधाचा गुण सिद्ध केला. रेणूची रचना उलगडली ती शांघायच्या सेंद्रिय रसायन संस्थेच्या आणि बीजिंगच्या जीवभौतिकी संस्थेच्या मदतीने. १९७७ मध्ये ही रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखावर एकाही व्यक्तीचे नाव नव्हते. तत्कालीन चीनची ती रीतच होती. त्यामुळे २०११ मध्ये लास्कर पुरस्कार आणि २०१५ मध्ये वैद्यकाचे निम्मे नोबेल पारितोषिक एकट्या यूयू तू यांना मिळाले, तेव्हा अनेक जुन्या सहकाऱ्यांना आपण विसरले गेल्याचे वाटणे साहजिक होते. नोबेलची उरलेली अर्धी रक्कम कृमीनाशक औषधाबद्दल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना विभागून गेली. तरीही निवड समितीचा निर्णय समजण्यासारखा आहे. चिंगहाओला या प्रकल्पात प्रथम आणणे, पूर्ण गुण देणारा अर्क प्रथम मिळवणे आणि माणसांवरील पहिली चाचणी करणे, या तिन्ही गोष्टी यूयू तू यांच्या गटाच्या खाती जमा होतात.

नावांचा घोळ

चिनी औषधबाजारात ‘चिंगहाओ’ या एकाच नावाखाली एकाहून अधिक वनस्पती विकल्या जात. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या झुडपाला हे नाव देत, त्यात आर्टेमिसिनिन नाही. ज्यात ते आहे, त्या झुडपाचे नाव वेगळे. संशोधकांना आधी हा गुंता सोडवावा लागला आणि मग जात, भाग, प्रदेश व तोडणीचा काळ ठरवावा लागला.

असा घोळ नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी दिलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. ‘फांगजी’ नावाच्या निरुपद्रवी मुळीऐवजी, जवळपास त्याच नावाची ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील मुळी वापरली गेली होती. शंभराहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यांपैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल हे त्याचे कारण. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजेच सापसण, ही वनस्पतीही त्याच प्रजातीत मोडते.

रेणू कसा काम करतो

आर्टेमिसिनिनच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ५ अणू असतात. यांपैकी ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून रेणूच्या कड्यात पुलासारखे बसलेले असतात. या जोडणीला पेरॉक्साइड सेतू म्हणतात. इतकी अस्थिर जोडणी असलेला रेणू वनस्पतीत टिकतो, यावर सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. क्विनाइन आणि क्लोरोक्विन यांच्याशी या रेणूचे काहीच साम्य नाही. म्हणूनच क्लोरोक्विनला सरावलेला परजीवीही त्यापुढे टिकला नाही.

हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून तेथील हिमोग्लोबिन खातो. हिमोग्लोबिन पचताना त्यातील लोहयुक्त भाग मोकळा होतो. हे लोह पेरॉक्साइड सेतू तोडते आणि त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील तुकडे परजीवीच्या प्रथिनांना जागोजागी चिकटून त्याचा कारभार ठप्प करतात. परजीवीची भूकच त्याच्या मुळावर येते. निरोगी पेशीत असे मोकळे लोह फारसे नसल्याने तिला त्रास कमी. याचा वेगही असाधारण आहे. परजीवीच्या ४८ तासांच्या एका जीवनचक्रात रक्तातील त्यांची संख्या सुमारे दहा हजारपटीने घटते.

मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि तेलातही नीट नाही. म्हणून त्यापासून सुधारित संयुगे बनवण्यात आली. यूयू तू यांच्या गटाने १९७३ मध्ये डायहायड्रोआर्टेमिसिनिन मिळवले. पुढे शांघायमध्ये तेलात विरघळणारे आर्टेमेथर आणि ग्वेलिनच्या कारखान्यात पाण्यात विरघळणारे, शिरेतून देता येणारे आर्टेसुनेट तयार झाले. ऑक्टोबर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची बैठक बीजिंगमध्ये भरली, तेव्हा बाहेरच्या जगाला या कामाची सविस्तर ओळख झाली. प्रत्यक्ष औषध जगभर पोचायला मात्र आणखी दोन दशके गेली.

आर्टेसुनेटची खरी कसोटी गंभीर हिवतापात लागली. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधील १,४६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. भारतातील रुग्ण ओडिशातील राउरकेल्याचे होते. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवरील चाचणीत, २०१० मध्ये, हेच प्रमाण १०.९ आणि ८.५ टक्के होते. दोन शतके राज्य केलेल्या क्विनाइनची जागा या आकड्यांनी घेतली. शिरेतून आर्टेसुनेट घेतलेल्या काही रुग्णांत एक-दोन आठवड्यांनी तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो, म्हणून बरे झाल्यावरही रक्ततपासणी सांगितली जाते.

एकट्याने न देण्याचे कारण

या औषधाचे बळ त्याच्या वेगात आहे आणि दुबळेपण त्याच्या अल्पायुष्यात. शरीरातून ते काही तासांतच निघून जाते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते आणि गोळ्या थांबतात. रक्तात उरलेले थोडे परजीवी मात्र पुन्हा वाढू लागतात, आणि वाचतात ते औषधाला जास्तीत जास्त तोंड देऊ शकणारे. यावर उपाय म्हणजे सोबतीला दुसरे, दीर्घकाळ शरीरात राहणारे औषध देणे. पहिले गर्दी पांगवते, दुसरे मागे राहिलेल्यांना वेचून काढते. एकाला दाद न देणारा परजीवी निपजलाच तर दुसरे त्याला गाठते. आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन यांची जोडगोळी, म्हणजे आरंभी उल्लेखलेल्या पिवळ्या गोळ्या, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून अशा संयुक्त उपचारांची शिफारस केली आणि २००६ मध्ये एकेरी गोळ्यांची विक्री थांबवण्याचे आवाहन केले. भारतात तोंडावाटे घ्यायच्या एकेरी गोळ्यांवर २००९ मध्ये बंदी आली.

तोवर व्हायचे ते नुकसान सुरू झाले होते. पश्चिम कंबोडियातील पायलिन येथे आर्टेसुनेट दिल्यावर रक्त परजीवीमुक्त व्हायला मध्यमान ८४ तास लागत होते; थायलंडमधील तुलनेच्या ठिकाणी ४८. हा अभ्यास २००९ चा. क्लोरोक्विनचा प्रतिकार जिथे प्रथम उगवला, त्याच सीमाभागातून हेही आले. एकेरी गोळ्या, बनावट गोळ्या आणि अर्धवट सोडलेले उपचार या साऱ्यांचा तेथे वर्षानुवर्षे सुकाळ होता. २०१४ मध्ये या प्रतिकाराची खूण सापडली, ‘केल्च १३’ नावाच्या जनुकातील बदल. २०२० मध्ये रवांडात आणि पुढच्याच वर्षी युगांडात असे बदल असलेले परजीवी आढळले. आशियाशी संबंध न येता ते आफ्रिकेतच स्वतंत्रपणे उपजले होते. सध्या या प्रतिकाराने औषध निष्फळ होत नाही, संथ होते. पण मग सारा भार सोबतच्या औषधावर पडतो, आणि तेही निकामी झाले की उपचार फसतो. कंबोडियात तसे झालेही. २०२३ मध्ये जगात हिवतापाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू होते. यांतील बहुसंख्य बळी आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले आहेत आणि त्यांच्यासाठी तूर्त या औषधाच्या तोडीचा पर्याय हाताशी नाही.

याच कारणाने चिंगहाओच्या पानांचा चहा हा विषय तज्ज्ञांना अस्वस्थ करतो. आफ्रिकेत आणि युरोपात काही मंडळी हा चहा हिवतापावर सुचवतात. २०२० मध्ये मादागास्करमध्ये याच वनस्पतीचे पेय कोरोनावर वाटले गेले, त्याला चाचण्यांचा आधार नव्हता. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम उतरते आणि पानागणिक त्याचे प्रमाण बदलते. कपात किती उतरले हे पिणाऱ्याला कळत नाही. ताप दबतो, परजीवी राहतो, आणि कमी मात्रेत सरावण्याची संधीही त्याला मिळते. जागतिक आरोग्य संघटना या चहाची शिफारस करत नाही. गे होंगच्या काळात मूठभर पाला हाच उत्तम उपाय होता. चाचणीने ठरलेली मात्रा उपलब्ध असताना त्याकडे परत जाण्याला परंपरेचा मान राखणे म्हणता येत नाही. नोबेल जाहीर झाल्यावर एका बाजूने हा पारंपरिक वैद्यकाचा विजय ठरवला आणि दुसऱ्या बाजूने त्यात परंपरेचे काहीच नाही असे म्हटले. ६४० उपायांतून एकच तरला, हे पहिल्या बाजूने विसरू नये. तो एक त्या जुन्या पुस्तकाशिवाय सापडला नसता, हे दुसऱ्या बाजूने.

शेत, किण्वनाची टाकी आणि बाजार

या रेणूची पूर्णतः रासायनिक जुळणी प्रयोगशाळेत शक्य असली तरी महाग पडते. म्हणून औषध अजूनही मुख्यतः शेतातून येते. मागणी वाढली तेव्हा, २००५ च्या सुमारास, आर्टेमिसिनिनचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी भराभर लागवड केली आणि दोनच वर्षांत भाव कोसळला. कांद्याच्या भावाचे चक्र ठाऊक असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये घालून तिच्याकडून आर्टेमिसिनिक आम्ल बनवून घेतले. २०१३ मध्ये सानोफी कंपनीने त्यावर आधारित उत्पादन इटलीत सुरूही केले. शेतमालाचा भाव त्याहून कमी राहिल्याने ते रेटता आले नाही.

भारतात लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने या पिकाचे ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ यांसारखे वाण विकसित केले. लखनौच्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या कामातून अल्फा-बीटा आर्टीथर हे इंजेक्शन आले. कर्करोगासह इतर रोगांवर आर्टेमिसिनिनच्या प्रयोगशाळेतील कामाची वृत्ते अधूनमधून येत असतात. हिवतापासारखा मोठ्या चाचण्यांचा आधार त्यांना अजून लाभलेला नाही.

गोव्यातील चित्र

तापाच्या साथींनी ओस पडलेले जुने गोवे आणि १८४३ मध्ये राजधानी झालेली पणजी, हा इतिहास गोमंतकीयांना परिचित आहे. आधुनिक पणजीत हिवतापाने पुन्हा डोके वर काढले ते १९८६ मध्ये. बांधकामांवरील टाक्या, स्लॅबवर साठवलेले पाणी, झाकण नसलेल्या विहिरी यांत वाढणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डास हा त्यामागील मुख्य वाहक. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि त्यांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत यातूनच रुजली.

राज्यात व्हायवॅक्स प्रकारच्या तापाचे प्रमाण मोठे राहिले आहे आणि त्यावर क्लोरोक्विन अजूनही गुणकारी आहे. त्यामुळे रक्ततपासणीआधीच आर्टेमिसिनिनयुक्त गोळी घेण्याचे कारण नसते. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना आर्टेमिसिनिन पोचत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची कमतरता असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते, गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांना देत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

फॅल्सिपेरम आढळल्यास २०१० च्या राष्ट्रीय धोरणानुसार आर्टेसुनेट तीन दिवस आणि पहिल्या दिवशी त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देतात. ईशान्येकडील राज्यांत हे जोडऔषध निकामी ठरू लागल्याने २०१३ पासून तेथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देतात. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा असते. ताप बहुधा तोवर उतरलेला असतो, त्यामुळे ती नको म्हणणारे रुग्ण असतात. ती मात्रा रुग्णाच्या स्वतःच्या तापासाठी नसतेच. त्याच्या रक्तातून डासाकडे आणि डासाकडून शेजारच्या घरात पोचणारे परजीवी ती मारते.